कक्षा, स्थान व तेज : धूमकेतू आणि लाडबोरीचे धातुवलय

वराहमिहिराने बृहत्संहितेच्या केतुचाराध्यायात धूमकेतूंचे वर्णन करण्यापूर्वीच एक मर्यादा सांगून ठेविली आहे. केतू केव्हा दिसेल व केव्हा अस्तास जाईल हे गणिताने जाणता येत नाही, असा तिचा आशय आहे. त्याच ठिकाणी त्याने केतूंचे दिव्य, आंतरिक्ष व भौम असे तीन वर्ग केले आहेत. नक्षत्रांमध्ये दिसणारे ते दिव्य. उरलेल्या दोहोंचे स्थान त्यांच्या खालचे. फलज्योतिषाचा भाग वगळला तरी हे दोन्ही प्रश्न, म्हणजे आकाशात दिसणारी तेजस्वी वस्तू कोणत्या अंतरावर आहे आणि तिची पुढील गती गणिताच्या आटोक्यात येते की नाही, आजही निरीक्षकापुढे प्रथम उभे राहतात. त्यांची उत्तरे मात्र अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. दूरची वस्तू गणिताने साधते आणि अगदी डोक्यावरची निसटते, असा अनुभव चंद्रपूर जिल्ह्याने अलीकडेच घेतला.

दूरच्या वस्तूचा इतिहास सुपरिचित आहे. एडमंड हॅली याने १७०५ मध्ये १५३१, १६०७ व १६८२ या वर्षी दिसलेले धूमकेतू एकच असल्याचे प्रतिपादन केले. क्लेरो याने लालांद व मादाम लपोत यांच्या साह्याने गुरू व शनी यांची आकर्षणे हिशेबात घेऊन पुढील उपसूर्यगमनाचा काळ १७५९ च्या एप्रिलच्या मध्यावर आणला. धूमकेतू १३ मार्चलाच उपसूर्य बिंदूतून गेला. चूक एका महिन्याची झाली. १९१० च्या आगमनासाठी कॉवेल व क्रॉमेलिन यांनी केलेल्या गणितात ती सुमारे तीन दिवसांवर आली. त्यानंतरच्या फेरीत, १६ ऑक्टोबर १९८२ रोजी, पालोमार वेधशाळेतून हा धूमकेतू पुन्हा सापडला तेव्हा तो शनीच्या कक्षेपलीकडे होता, त्याचे तेज चोविसाव्या प्रतीच्या आसपास होते, आणि गणिताने दर्शविलेल्या स्थानापासून तो अवघ्या काही विकलांवर उभा होता. वराहमिहिराची मर्यादा येथे संपली असे म्हणावयास हरकत नव्हती.

आता दुसरी वस्तू पाहू. २ एप्रिल २०२२ रोजी चैत्र शुद्ध प्रतिपदा होती. अमावास्या आदल्याच दिवशी होऊन गेल्यामुळे सायंकाळचे आकाश काळोखे होते. पावणेआठच्या सुमारास गुजरात व मध्यप्रदेशाच्या काही भागांतून, तसेच जळगाव, बुलडाणा, अकोला व नागपूर या बाजूंनी अनेकांनी आकाशातून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाणारा अग्निगोलांचा समूह पाहिला. त्यानंतर लगेच चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी मोकळ्या जागेत दोन ते तीन मीटर व्यासाचे, चाळीस किलोग्रॅमहून अधिक वजनाचे एक धातूचे कडे येऊन पडले. गावात त्या वेळी सामुदायिक भोजनाची तयारी चालली होती. कोणासही इजा झाली नाही. त्याच तालुक्यात सुमारे अर्धा मीटर व्यासाचा धातूचा गोळा मिळाला आणि पुढील दिवसांत आसपासच्या रानातून आणखीही काही गोळे हाती आले. कृत्रिम उपग्रहांची नोंद ठेवणारे हार्वर्ड येथील ज्योतिर्विद जोनाथन मॅकडॉवेल यांनी ही वस्तू चीनच्या ‘लाँग मार्च ३ ब’ या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असल्याचे ओळखले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचे उड्डाण झाले होते, पुढील तासाभरात तो वातावरणात शिरेल असा अंदाज होताच, आणि त्याचा मार्ग या दृश्याशी चांगला जुळत होता.

‘पुढील तासाभरात’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. सुमारे चौदा महिने ज्या वस्तूवर पाळत होती, जिच्या कक्षेचे अंक प्रसिद्ध होत होते, तिच्या पतनाची वेळ शेवटच्या क्षणापर्यंत याहून नेमकी सांगता आली नाही. स्थानाविषयी तर काहीच सांगता येण्याजोगे नव्हते. शनीपलीकडील हिमखंड काही विकलांच्या आत सापडतो, आणि शंभर किलोमीटरांवरील कित्येक क्विंटलांचे यंत्र कोणत्या खंडावर पडेल हे कळत नाही, याचे कारण निरीक्षणाची हयगय नव्हे. ते कक्षेवर कार्य करणाऱ्या बलांच्या स्वरूपात आहे.

कक्षा ठरविण्याची रीत दोहोंसाठी तत्त्वतः एकच आहे. दीर्घवर्तुळाचे आकारमान, त्याची उत्केंद्रता, पातळीचा कल, आरोही पाताचे स्थान, उपबिंदूची दिशा आणि वस्तू उपबिंदूतून जाण्याचा क्षण, अशी सहा मूल्ये हाती आली की कक्षा निश्चित होते. एका निरीक्षणातून विषुवांश व क्रांती असे दोन अंक मिळतात. यास्तव तीन वेळांची तीन निरीक्षणे किमान आवश्यक. ओल्बर्सने १७९७ मध्ये अन्वस्ताकार कक्षेसाठी, म्हणजे उत्केंद्रता एक गृहीत धरून, सोपी पद्धती दिली आणि गाउसने १८०१ मध्ये हरवलेल्या सेरेससाठी सर्वसाधारण पद्धती सिद्ध केली. नव्या धूमकेतूच्या पहिल्या काही रात्रींच्या निरीक्षणांवरून काढलेली कक्षा कच्ची असते, कारण निरीक्षिलेला कंस लहान असतो. परंतु आठवडे व महिने लोटतात तसा कंस वाढतो आणि प्रत्येक नवे निरीक्षण मागील चुका दुरुस्त करीत जाते. धूमकेतूच्या बाबतीत काळ हा गणिताचा साहाय्यक असतो. अग्निबाणाच्या टप्प्याचा अखेरचा अध्याय याच्या नेमका उलट घडतो.

या उलटेपणाचे मूळ समजण्यासाठी एन्केच्या धूमकेतूकडे जावे लागते. योहान फ्रान्त्स एन्के याने १८१९ मध्ये या धूमकेतूचा आवर्तनकाल अवघा ३.३ वर्षे असल्याचे दाखविले. सर्व ग्रहांची आकर्षणे वजा केल्यावरही हा काल प्रत्येक फेरीत सुमारे अडीच तासांनी घटतो असे त्यास आढळले. त्याने कल्पना मांडली की सूर्याभोवती एक विरळ रोधक माध्यम असावे. उपसूर्य बिंदूजवळ, जेथे वेग सर्वाधिक व माध्यम दाट, तेथे धूमकेतूचा वेग किंचित घटतो. परिणामी तो पूर्वीइतका दूर जाऊ शकत नाही, अपसूर्य बिंदू आत सरकतो, कक्षा आखूड होते आणि आवर्तनकाल कमी होतो. ऊर्जा गमावलेली वस्तू सरासरीने अधिक वेगाने फिरू लागते, हा विरोधाभास विद्यार्थ्यांना प्रथमदर्शनी नेहमीच अडखळवितो. परंतु कक्षा लहान झाल्याचा तो अपरिहार्य परिणाम आहे.

एन्केची कल्पना यंत्रशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होती, मात्र असे माध्यम सूर्याभोवती नव्हते. हॅलीचा धूमकेतू प्रत्येक फेरीस लवकर न येता सुमारे चार दिवस उशिरा येतो, याचा उलगडा रोधक माध्यमाने होणे शक्यच नव्हते. १९५० मध्ये फ्रेड व्हिपल याने दोहोंचे एकच कारण दिले. धूमकेतूचा गाभा म्हणजे धूलिमिश्रित बर्फाचा फिरता गोळा होय. सूर्याच्या उष्णतेने त्यातून वायू उसळतो. पृष्ठभाग तापण्यास थोडा वेळ लागत असल्यामुळे तो ‘मध्यान्ही’ नव्हे तर ‘अपराह्णी’ अधिक जोराने उसळतो. आणि त्याच्या प्रतिक्रियेने गाभ्यास अल्पसा रेटा मिळतो. गाभा कक्षेतील गतीच्याच दिशेने स्वतःभोवती फिरत असेल तर रेटा पुढे ढकलतो व आवर्तनकाल वाढतो. उलट फिरत असेल तर तो घटतो. हा रेटा अत्यल्प असतो व फेरीमागून फेरी बराचसा सारखाच राहतो. म्हणून समीकरणांत दोन-तीन स्थिरांक घालून तो हिशेबात घेता येतो. १९८६ च्या उपसूर्यगमनाची वेळ काही तासांच्या अचूकतेने आधी सांगता आली ती यामुळेच.

सूर्याभोवती न सापडलेले एन्केचे माध्यम पृथ्वीभोवती मात्र खरोखरच आहे. लाँग मार्चचा तिसरा टप्पा ४ फेब्रुवारी २०२१ रोजी उपग्रह मार्गस्थ करून ज्या प्रकारच्या कक्षेत मागे राहिला तिचा उपभू बिंदू सुमारे २०० किलोमीटर उंचीवर आणि अपभू बिंदू सुमारे ३५,८०० किलोमीटरांवर असतो. भूमध्यापासून अंतरे मोजल्यास उत्केंद्रता ०.७३ येते. आकृतीवरून ही एखाद्या अल्पकालिक धूमकेतूची कक्षा म्हणून सहज खपून जाईल. दर साडेदहा तासांनी हा टप्पा वातावरणाच्या वरच्या थरांतून वेगाने जाई व पुन्हा दूर निघून जाई. प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा गमवावी व अपभू बिंदू खाली यावा, ही एन्केने वर्णिलेली क्रिया येथे अक्षरशः घडत होती. तिच्यात सूर्य व चंद्र यांचीही भर असते. अपभू बिंदू फार दूर असल्यामुळे त्यांच्या आकर्षणाने उपभू बिंदूची उंची हळूहळू खालीवर होते; ती थोडी घटली की हवेचा रोध झपाट्याने वाढतो. १२० किलोमीटर उंचीवरील हवा २०० किलोमीटरांवरील हवेहून सुमारे शंभरपट दाट असते, यावरून या परिणामाची तीव्रता ध्यानी येईल. अशा रीतीने सुमारे ४२२ दिवसांत ती लांबट कक्षा आकसत जवळजवळ वर्तुळाकार झाली आणि आवर्तनकाल ८८ मिनिटांच्या आसपास आला.

पुढचा हिशेब सोपा आणि अस्वस्थ करणारा आहे. या अवस्थेत वेग सेकंदास सुमारे ७.८ किलोमीटर असतो. म्हणजे वेळेत एका मिनिटाची चूक झाल्यास स्थानात सुमारे ४७० किलोमीटरांची चूक होते. अनुभवावरून असे आढळते की पतनाच्या वेळेतील अनिश्चितता उरलेल्या आयुष्याच्या साधारणतः एक-पंचमांशापर्यंत असते. एक दिवस आधी ही चूक अलीकडे-पलीकडे प्रत्येकी पाच तासांची होते. एवढ्या अवधीत सहा-सात प्रदक्षिणा घडतात आणि प्रत्येक प्रदक्षिणेत पृथ्वी २२ अंश फिरलेली असल्यामुळे, चंद्रपूरच्या अक्षांशावर, मार्ग सुमारे २,३०० किलोमीटर पश्चिमेस सरकतो. एक तास आधी चूक बारा मिनिटांची राहते. पण बारा मिनिटे म्हणजे दोन्ही बाजूंस साडेपाच हजार किलोमीटर. लाडबोरी मध्यावर धरल्यास हा पट्टा ढोबळ मानाने आफ्रिकेच्या ईशान्य भागापासून पॅसिफिकच्या पश्चिम कडेपर्यंत जातो. कक्षेचा कल ठाऊक असल्याने कोणत्या अक्षांशांच्या पलीकडे धोका नाही एवढे मात्र निश्चित सांगता येते. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे सुमारे १९ ते २१ अंश उत्तर अक्षांशांवर, म्हणजे अशा प्रकारच्या टप्प्यांच्या मार्गाखालीच येतात.

ही चूक कमी का करता येत नाही? रोध हा हवेच्या घनतेवर, वेगाच्या वर्गावर आणि वस्तूच्या वस्तुमानाच्या मानाने तिच्या समोर येणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. यांपैकी वेग ठाऊक असतो. घनता सूर्याच्या प्रक्षोभांबरोबर बदलते. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी अवकाशात पाठविलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह एका मध्यम स्वरूपाच्या चुंबकीय वादळाने वरची हवा फुगल्यामुळे नष्ट झाले, ही घटना लाडबोरीच्या अवघ्या दोन महिने आधीची. क्षेत्रफळाचे तर विचारूच नये. तिसरा टप्पा बारा मीटरांहून अधिक लांब व तीन मीटर व्यासाचा. आडवा असल्यास त्याचे समोरील क्षेत्रफळ सुमारे ३७ चौरस मीटर, टोकाने असल्यास ७. रिकामा टप्पा कोलांट्या घेत जात असतो. ही कोलांटी क्षणोक्षणी रोधात पाचपटीपर्यंत फरक पाडू शकते आणि तिची गती स्वतः रोधामुळेच बदलते. धूमकेतूच्या रेट्याप्रमाणे तिला स्थिरांकात बांधता येत नाही. त्यातच रडारच्या टप्प्यात ही वस्तू दिवसातून थोडाच वेळ येते. दोन निरीक्षणांमधील काही तासांत मागील कक्षा जुनी होऊन जाते.

उपग्रहांच्या कक्षांचे हे आकुंचन केवळ संकट म्हणून पाहिले गेले नाही. १९५७ मध्ये स्पुटनिक सोडला गेल्यानंतर इंग्लंडमध्ये डेस्मंड किंग-हील व त्यांच्या सहकाऱ्यांनी कक्षा कशी आखूड होते यावरून उलट वरच्या हवेची घनता काढली. सूर्याभोवतीच्या माध्यमाची घनता धूमकेतूवरून काढण्याचा जो मार्ग एन्केने सुचविला होता, तोच येथे यशस्वी झाला.

स्थानानंतर तेजाचा विचार केला पाहिजे. आणि येथे दिव्य केतूचीही फजिती होते. धूमकेतूची दृश्य प्रत सामान्यतः पुढील सूत्राने दर्शवितात :

प्र = मू + ५ लॉग पृ + २.५ घा लॉग सू

येथे प्र ही दृश्य प्रत, मू ही मूल प्रत, पृ व सू ही धूमकेतूची पृथ्वीपासून व सूर्यापासूनची ज्योतिषशास्त्रीय एककांतील अंतरे, आणि घा हा घातांक होय. केवळ सूर्यप्रकाश परावर्तित करणाऱ्या लघुग्रहासाठी, कलांचा परिणाम सोडल्यास, घातांक २ असतो. धूमकेतू सूर्याजवळ येताना प्रकाश तर अधिक मिळतोच, शिवाय अधिक वायू व धूळ बाहेर पडून परावर्तन करणारा पसाराही वाढतो. म्हणून घातांक ४ च्या आसपास धरण्याचा प्रघात आहे. सूर्यापासूनचे अंतर २ वरून १ एककावर आल्यास पहिल्या प्रकारात तेज चौपट होते, दुसऱ्यात सोळापट. हा घातांक मात्र निसर्गाने दिलेला नियम नाही. निरीक्षणांची रेषा बसविल्यावर मिळणारा तो अंक आहे, आणि एकाच धूमकेतूत तो वाटेत बदलतो. मार्च १९७३ मध्ये सापडलेला कोहूटेक सूर्यापासून दूर असतानाच एवढा तेजस्वी होता की त्याविषयी प्रचंड अपेक्षा निर्माण झाल्या; त्या वर्षअखेरीस व जानेवारी १९७४ मध्ये तो जमिनीवरून पाहणाऱ्यांस फारच मंद दिसला. उलट होम्सचा धूमकेतू ऑक्टोबर २००७ मध्ये, उपसूर्य बिंदू मागे टाकून दूर जात असताना, दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसऱ्या प्रतीच्या आत आला. तेजातील ही वाढ जवळजवळ पाच लक्षपट आहे. २०२३ मध्ये शोधल्या गेलेल्या त्सुचिन्शान-ॲटलास धूमकेतूचे तर २०२४ च्या जुलैमध्ये विघटन होत आहे असे भाकीत करण्यात आले होते. तो न फुटता २७ सप्टेंबर २०२४ रोजी उपसूर्य बिंदूतून गेला आणि ऑक्टोबरच्या मध्यास महाराष्ट्रातून सायंकाळी पश्चिमेस दिसला. त्याचे स्थान कोणत्याही दिवशी कलांशाच्या आत ठाऊक होते. तो दिसेल की नाही याचीच शंका होती.

अग्निबाणाच्या टप्प्याचे तेज दोन निरनिराळ्या प्रकारचे असते. कक्षेत असताना तो सूर्यप्रकाशाने चमकतो आणि कोलांट्यांमुळे त्याचे तेज ठरावीक अवधीने कमीजास्त होते. हा अवधी मोजून वस्तूच्या फिरण्याची गती कळते, म्हणून दुर्बिणीतून घेतलेली तेजाची नोंद रोधाच्या गणितासही उपयोगी पडते. वातावरणात शिरल्यावर जे तेज दिसते ते सर्वस्वी उष्णतेचे. २ एप्रिलच्या सायंकाळी पावणेआठ वाजता चंद्रपूर भागात सूर्य क्षितिजाखाली अठरा अंशांच्या पलीकडे गेला होता आणि डोक्यावर तीनशे किलोमीटरांहून अधिक उंचीपर्यंत पृथ्वीची छाया पसरली होती. ऐंशी किलोमीटरांवरील वस्तूस सूर्यप्रकाश मिळणे अशक्य होते. उल्केपासून हे दृश्य वेगळे ओळखण्याची खूणही सोपी आहे. उल्का सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते व क्षणात विझते. कक्षेतून ढळलेली वस्तू त्याहून मंद, जवळजवळ क्षितिजसमांतर येते, मिनिटभर किंवा अधिक काळ दिसत राहते, आणि तिचे तुकडे एकमेकांस समांतर, मागेपुढे चालतात.

हे तुकडे जमिनीवर कोठे पडतात हेही त्याच नियमाने ठरते. हलके व पसरट तुकडे हवेत लवकर अडखळून अलीकडे पडतात. जड व आटोपशीर तुकडे मार्गाने पुढे जातात. अशा पतनाचा पट्टा शेकडो किलोमीटर लांब असू शकतो. लाडबोरीचे कडे हलक्या वर्गातले. तिसऱ्या टप्प्याचा व्यास तीन मीटर आहे, ही गोष्ट कड्याच्या मापाशी जुळते. गोळे हे दाबाखालील वायू साठविण्याची पात्रे असतात व त्यांची जाड, उष्णतेस दाद न देणारी घडण त्यांना वाचविते. मार्ग पूर्वेकडे जात होता आणि पूर्वेस गडचिरोलीचे विस्तीर्ण अरण्य आहे. तेथे काही पडले असल्यास ते मोहफुले वेचणाऱ्यासच कधीतरी सापडावयाचे. अशा वस्तूस हात न लावता कळविणे इष्ट, कारण काही अग्निबाणांच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश उरलेला असू शकतो. या तिसऱ्या टप्प्यात मात्र द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन वापरलेला असतो.

हानी झाली असती तर उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भूपृष्ठावर झालेल्या हानीस, दोष सिद्ध करण्याची गरज न पडता, प्रक्षेपण करणारे राष्ट्र जबाबदार असते. १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टीयुक्त सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात पडला तेव्हा कॅनडाने सुमारे साठ लक्ष डॉलरांची मागणी केली व १९८१ मध्ये तीस लक्षांवर तडजोड झाली. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब पडण्यापूर्वी भारतभर पसरलेली भीती जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. तिचे अवशेष ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. परंतु नुकसानभरपाई पडल्यानंतरची. आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे शेवटचे इंधन राखून ठेवून टप्पा निर्जन सागरावर मुद्दाम उतरविणे. तसे केल्यास गणिताच्या दृष्टीने तो पुन्हा धूमकेतूइतका आज्ञाधारक होतो.

वराहमिहिराचा पहिला प्रश्न, केतू दिव्य की त्याखालचा, निरीक्षकास मात्र विदर्भात बसूनही सोडविता येतो. १५७७ च्या धूमकेतूचे स्थान टायको ब्राहे याने दूरच्या नगरातील निरीक्षणांशी ताडून पाहिले. पुरेसा लंबन आढळला नाही, म्हणून तो चंद्रापलीकडचा ठरला. नागपूर व चंद्रपूर यांत सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर अंतर आहे. दोहोंच्या मध्यावर ऐंशी किलोमीटर उंचीवरून जाणारी वस्तू या दोन ठिकाणांहून पाहिल्यास तिच्या दिशांत पाऊणशे अंशांहून अधिक फरक पडतो. त्सुचिन्शान-ॲटलास पृथ्वीस सर्वांत निकट, सुमारे सात कोटी किलोमीटरांवर, असताना तोच फरक विकलेच्या निम्म्याहूनही कमी होता. २ एप्रिलच्या सायंकाळी भ्रमणध्वनीवर अनेकांनी चित्रणे घेतली. अशा चित्रणात क्षितिजावरचे एखादे ओळखीचे झाड किंवा घर, पार्श्वभूमीस दोन-तीन ओळखता येणारे तारे, वेळ सेकंदापर्यंत आणि उभे राहण्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश एवढे मिळाले, तर प्रत्येक चौकटीतून विषुवांश व क्रांती काढता येतात. दोन गावांची अशी दोन चित्रणे मिळून उंची व वेग देतात. वेगाच्या घटीवरून त्या उंचीवरील रोध निघतो. आणि तुकडे विझण्याच्या जागेपासून वाऱ्याचा हिशेब करून ते रानात कोणत्या बाजूस शोधावेत हेही ठरविता येते.